आजोबांना 'इसम' बनवणारा खिशातला समानार्थी शब्दकोश – अडीच स्टार

पोरगी सहावीत आहे, परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात म्हणून पुण्याला गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौकातनं हे पुस्तक आणलं. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही कारण या साइजची सगळी पुस्तकं एकमेकांवरनंच उतरवलेली असतात, उगाच एकालाच कशाला धरायचं. छापील किंमत ८०, ६० ला दिलं. खिशात मावतं, अक्षर बारीक आहे पण वाचता येतं, दुसऱ्याच आठवड्यात मधली पानं सुटली ती मी स्टेपल मारून घेतली (तहसीलसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, स्टेपलर हाताशीच असतो).

आता मेन मुद्दा. पोरीनं निबंध लिहिला 'माझे आजोबा'. पहिलंच वाक्य, "माझे आजोबा हे एक प्रेमळ इसम आहेत." बाईंनी त्यावर बरोबरची खूण केलीय! आमच्या आण्णांनी चष्मा लावून एकदा वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाले, "का गं, मी काय यष्टी स्टँडवर संशयास्पद फिरताना घावलो का काय?"

पोरीची चूक नाही. पुस्तकात जसं आहे तसं तिनं उचललं. नोंद अशी आहे: माणूस – मनुष्य, मानव, मनुज, नर, मर्त्य, व्यक्ती, इसम. बास. सात शब्द, मध्ये स्वल्पविराम, जणू कुठलाही उचला आणि कुठंही बसवा. पहिले पाच बघितले की कळतंय अमरकोशातल्या (जुना संस्कृत समानार्थी कोश, सगळा श्लोकात) मनुष्यवर्गाचं हे लांबचं पिल्लू आहे, तिथं श्लोकात ते शोभतात, पण आमच्या वाईत घाटावर कुणी 'काय मर्त्या, कुठं निघालास' म्हणल्याचं मी तरी ऐकलं नाही.

इसम हा शब्द मी रोज टाइप करतो म्हणून मला जास्त लागलं. "एक अनोळखी इसम, वय अंदाजे ४०, अंगात निळा शर्ट" हे त्याचं घर. मूळ अरबी, इस्म म्हणजे नाव. आणि गंमत बघा, आपण तो वापरतो जास्त करून ज्याचं नाव माहीत नाही त्याला, आणि नाव कळलं की लगेच 'इसम नामे अमुक तमुक' लिहितात, म्हणजे नाव नावाचं नाव. त्याच मुळातनं आलेला असामी मात्र 'बडी असामी' होऊन सोफ्यावर बसला. असामी या पुस्तकात नाहीच. गडी नाही, बाप्या नाही, गृहस्थ नाही, वल्ली नाही, नग नाही. गडी नसणं तर कमालच आहे, रोजच्या पेपरात 'पाच गडी राखून विजय' छापून येतं, कबड्डीत गडी बाद होतो, पुण्याकडं घरकामाला गडी असतो आणि आमच्याकडं 'लय भारी गडी हाय' म्हणजे सरळसरळ कौतुक.

व्यक्ती दिलाय पण तो स्त्रीलिंगी आहे हे कुठंच सांगितलेलं नाही. माझ्याकडं अर्ज घेऊन येतात, 'सदर व्यक्ती हा माझा चुलता आहे', मी म्हणतो मिशी कितीही मोठी असू दे, व्यक्ती ही 'ती'च. शिवाय मागच्या पानावर 'व्यक्तीमत्व' छापलंय. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे व्यक्ती एकटी असली की दीर्घ, समासात किंवा पुढं 'मत्त्व'सारखं काही लागलं की ऱ्हस्व, म्हणजे व्यक्तिमत्त्व, आणि त्यात त दोन. शब्दकोशानंच असं केलं तर पोरांनी कुणाकडं बघायचं.

आणि खुद्द 'माणूस', ज्याची ही नोंद आहे, त्याच्यापुढं नुसतं पुं. लिहून मोकळे. माणूस आला हे पुल्लिंगी, मान्य. पण आपलं माणूस, म्हातारं माणूस, बाईमाणूस? आणि अनेकवचनात तर सगळ्यांचंच 'माणसं आली'. गावाकडं "त्यांच्या घरातलं माणूस गेलं" म्हणतात तेव्हा ते बाबा होते का आजी ते कळतच नाही, घरातलं एक कमी झालं एवढंच कळतं. तिथं 'व्यक्ती गेली' म्हणून बघा, टीव्हीवरची बातमी वाटेल. प्लंबर 'उद्या माणूस पाठवतो' म्हणतो, तो मनुष्य पाठवत नाही (माणूसही पाठवत नाही, ते सोडा). चार दिवस तापात पडून अंघोळ केली की आपण माणसात येतो, मानवात येत नाही. उलट सदोष मनुष्यवध असतो, तिथं माणूसवध चालत नाही. अशी दोन-दोन वाक्यं प्रत्येक शब्दापुढं दिली असती तर पुस्तक जाड झालं असतं, १५० ला पण घेतलं असतं मी.

एक सांगतो, धंद्याप्रमाणं माणसाचा शब्द बदलतो हे कुठल्याच छोट्या कोशात मिळणार नाही. माझ्या टेबलावर खरेदीखतात तो 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असतो, अठरा वर्षांखालचा असला की 'अज्ञान', गेला की 'मयत'. केटरिंगवाल्याला विचारा, तो माणसं मोजतच नाही, 'दोनशे पानं उठली' म्हणतो. वडापवाला (शीट भरून जीप नेणारा) ओरडतो 'एक शीट मागं घ्या', हॉटेलात पोरगं विचारतं 'किती मेंबर', एजंट म्हणतो 'पार्टी चांगलीय'. तोच एक गडी सकाळपासनं संध्याकाळपर्यंत पान, शीट, मेंबर, पार्टी होऊन घरी येतो.

ज्यांना नीट बघायचंय त्यांच्यासाठी, मोल्सवर्थचा कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही नेटवर फुकट बघायला मिळतात. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, मोबाइलवर शोधायला जरा किचकट, पण शब्द कुठं वापरतात हे कळतं. मराठी विश्वकोशाचं ऑफिस असलेल्या वाईत राहून मी ६० रुपयाचं पुस्तक आणायला पुण्याला गेलो याबद्दल बायको अजून बोलते.

अडीच स्टार कशाला मग? एक आकारासाठी, एक यासाठी की विरुद्धार्थी शब्दांचा भाग खरंच बरा आहे, पोरीला युनिट टेस्टला उपयोग झाला. अर्धा आण्णांसाठी. ते पुस्तक आता त्यांच्याकडंच असतं, टोकदार पेन्सिल घेऊन बसतात आणि पुस्तकात राहून गेलेले शब्द पानाच्या कडेला कोऱ्या जागेत लिहितात. 'इसम'च्या पुढं कंसात 'पोलीस' लिहून झालंय, काल रात्री 'बाई'वर अडले होते, आईला विचारत होते.