साइट बंद झाली म्हणून स्वस्तात इम्पॅक्ट गन देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कराड ते कोल्हापूर पट्ट्यात हायवेलगत गॅरेज, टायरचं दुकान किंवा फॅब्रिकेशनची शेड चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. नामांकित कंपनीचं नाव छापलेली नकली इम्पॅक्ट गन, म्हणजे नट खोलायची लाइटीवरची गन, विकणारी माणसं गाडी घेऊन फिरतायत. माझे सात हजार रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच, पण त्या गनपायी माझ्या हाताखालच्या पोराचा डोळा थोडक्यात वाचला, म्हणून गप्प बसवत नाही.

माणूस आला तो भर कामाच्या वेळी. अंगात साइटवरचं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अदबीचं. “मालक, आमचं पुलाचं काम संपलं. जादा माल परत न्यायचं भाडं परवडत नाही, म्हणून ऑफिसने इथंच काढायला सांगितलंय. शोरूमला भाव विचारा आणि मगच माझ्याशी बोला.” शोरूमचा भाव मला ठाऊक होता. या कंपनीची अर्धा इंची चौकाची, म्हणजे पुढचा चौकोनी दांडा अर्ध्या इंचाचा असलेली गन 15-20 हजारांच्या घरात जाते. खोका सीलबंद, त्यावर होलोग्राम, आत वॉरंटी कार्ड आणि गोट्यांचा, म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटचा संच. जीएसटी नंबर छापलेलं बिलही त्याने फाडून दिलं.

खरी चलाखी डेमोत होती. गाडीतून त्याने बोल्ट बसवलेली जाड लोखंडी पट्टी काढली, गनने नट आवळला आणि त्याच गनने झटक्यात खोलून दाखवला. आवाज दणदणीत. पण गनने स्वतः आवळलेला नट तीच गन सहसा खोलतेच, मग तिच्यात जोर कितीही कमी असो. अशा डेमोने मशीन चालतं एवढंच कळतं. पावसाळा खाल्लेल्या पिकअपचा गंजका नट तिच्यापुढे ठेवला असता तर तिथल्या तिथे निकाल लागला असता, आणि तो ठेवायची वेळ येऊ नये म्हणूनच हे लोक आपली पट्टी बरोबर घेऊन फिरतात.

गाडी गेल्यावर खरं काम सुरू झालं. जुन्या पिकअपच्या मागच्या चाकाला गन लावली, तर ती नुसती ठणठणत राहिली. नट जागचा हलेना. बॉडी हाताला चटका देऊ लागली, मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्यांचं कडं दिसायला लागलं आणि वार्निश जळल्याचा वास सुटला. थांबवा म्हणेपर्यंत गोटी फुटली. तिचा तुकडा पोराच्या चष्म्यावर आदळला आणि काचेला खोल चरा पडला. माझ्याकडे गन हातात घ्यायची तर चष्मा घालूनच, असा नियम आहे. त्या दिवशी डोळा वाचला तो त्या नियमामुळे.

गोटी का फुटली, हे प्रत्येक कारागिराला माहीत असायला हवं. ही गन नट नुसता फिरवत नाही. आतली मोटर एक हातोडा फिरवते आणि तो पुढच्या चौकाच्या दांड्यावर सेकंदाला कित्येक ठोके मारतो. हे ठोके सोसायला गोटी जाड भिंतीची, काळी, क्रोम-मॉलिब्डेनमची लागते. त्या खोक्यातल्या गोट्या चकाकत्या, पातळ, हाताच्या पान्याच्या होत्या. हाताच्या गोटीचं पोलाद कडक असतं. ठोका बसला की ते वाकत नाही, तडकतं.

दुसरे दिवशी ओल्या फरशीवर मशीन तपासताना पुढच्या धातूच्या तोंडाला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. तेव्हा मी ती गन उचलली आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला, ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्या अण्णांकडे नेली. त्यांनी ती माझ्यासमोर खोलली.

मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, ब्लेडने खरवडलं तर तांब्याच्या रंगाखाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. पिनची वायरही तशीच. हातोड्याच्या कडा एवढ्याशा वापरात गोल झालेल्या, म्हणजे पोलादाला पाणीच दिलेलं नव्हतं, ते तापवून कडक केलेलंच नव्हतं. ग्रीसमध्ये लोखंडाचा चुरा. लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण होती. ती खूण दुहेरी इन्सुलेशनची. असं मशीन दोन तारांवर, अर्थिंगशिवाय चालतं, कारण आतला आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा शाफ्टसुद्धा इन्सुलेशन देऊन वेगळा केलेला असतो. इथे शाफ्ट उघडा होता. मोटरच्या कार्बन ब्रशची पूड साचली की करंट थेट पुढच्या तोंडाला येणार. माझ्या मते या सगळ्या प्रकारात ही खूण छापणं सर्वांत वाईट. ती बघून माणूस निर्धास्त हात लावतो.

लेबलवर 1050 वॅट छापलेलं. 230 व्होल्टवर त्याचे साधारण साडेचार अँपिअर होतात. अण्णांनी भार देऊन क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा मीटर, लावला, तर दोनच्या वर काटा जाईना. ही तपासणी तुम्हीही करू शकता, पण मीटरच्या जबड्यात एकच तार घ्या. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर मीटर शून्य दाखवतो. कव्हर काढलेल्या बोर्डवर हा उद्योग स्वतः करू नका, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पुढे इस्लामपूरकडच्या एका गॅरेजवाल्याने तीच गन घेतल्याचं कळलं. दोघांनी लेबलचे फोटो एकमेकांना पाठवले, तर सिरीयल नंबर अक्षर न अक्षर सारखा. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने असा नंबर त्यांच्या नोंदीतच नाही, असं सांगितलं. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला, तो भलत्याच धंद्याच्या नावाने निघाला.

म्हणून पैसे देण्याआधी शोरूमला आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला असे दोन फोन करा आणि जीएसटी नंबर तपासा. विकणारा खरा असेल तर तो तेवढा वेळ थांबेल. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यातलं फक्त एमआरपी होतं, तेही फुगवलेलं.

आणि गन अस्सल असली तरी तिची निगा तुमच्याच हातात आहे. बऱ्याच कार्बनवर मर्यादेची खूण असते. तिथपर्यंत झिजले की दोन्ही कार्बन एकदम बदला. गोटी बदलताना पिन काढा. लांबलचक बारीक एक्स्टेन्शनवर गन चालवू नका, व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवून घ्या. चाकाचा नट गनने टेकवून घ्या, पण शेवटचं आवळणं मोजून जोर देणाऱ्या टॉर्क पान्यानेच, समोरासमोरच्या क्रमाने. बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण 90 ते 120 न्यूटन मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गनने ठोकून आवळलेला नट रात्री रस्त्यावर गाडी पंक्चर झाली तर बाईमाणसाला खोलता येत नाही, आणि स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो बोल्ट, ताणला गेला तर तो चालत्या गाडीत तुटू शकतो.

तक्रारीचं सांगतो. “तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पण आयोगापुढे उभं करायला विकणाऱ्याचा पत्ता लागतो, आणि या लोकांचा पत्ताच खोटा असतो. म्हणून आम्ही दोघांनी पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम 318 खाली येते. बिल, यूपीआयची पावती, दोन्ही लेबलांचे फोटो आणि सीसीटीव्हीत दिसलेला गाडीचा नंबर जोडला आहे. कोणाकडे याच सिरीयल नंबरची गन असेल तर आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. तपास होईपर्यंत ती जपून ठेवा, कोणाला वापरायला देऊ नका, आणि नंतर भंगारात देताना पिन आणि वायर कापून द्या, नाहीतर ती पुन्हा कोणाच्या तरी दुकानात जाईल.