पायथनचे मल्टिप्रोसेसिंग : व्हेरिएबल सामायिक करण्याच्या तीन सोयी

पायथनच्या २.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ सालापासून, मल्टिप्रोसेसिंग हे मॉड्यूल भाषेसोबतच मिळते; एकाच वेळी अनेक प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्रॅम, चालवण्यासाठी ते असते. नव्याने त्याकडे वळणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी एका ठिकाणी अडतात : ग्लोबल म्हणून ठेवलेला काउंटर चाइल्ड प्रोसेसने (मुख्य प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रोसेसने) कितीही वाढवला, तरी मुख्य प्रोग्रॅममध्ये तो शून्यच राहतो. हा मॉड्यूलचा दोष नाही. प्रत्येक प्रोसेसची मेमरी स्वतंत्र असते. ती सामायिक करण्याच्या तिन्ही सोयी (व्हॅल्यू व ॲरे, मॅनेजर आणि शेअर्ड मेमरी) मी रोजच्या कामात वापरतो, आणि माझे मत त्या अनुभवावरूनच बनले आहे.

एखादी संख्या किंवा ठरावीक लांबीची यादी वाटून घ्यायची असेल, तर व्हॅल्यू आणि ॲरे पुरेसे आहेत. मात्र व्हॅल्यूसोबत लॉक (एका वेळी एकाच प्रोसेसला काम करू देणारे कुलूप) येते म्हणून प्रत्येक बेरीज सुरक्षित झाली, असे समजू नये. चार प्रोसेसनी प्रत्येकी एक लाख वेळा एक मिळवला, तर उत्तर ४,००,००० यायला हवे. पण लॉक हाती न घेता बेरीज केली, तर ते कमी भरते आणि प्रत्येक वेळी वेगळेच येते, कारण जुनी किंमत वाचणे आणि नवी लिहिणे या दोन स्वतंत्र क्रिया असून त्यांच्या मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस शिरते. तीच ओळ 'विथ' वापरून व्हॅल्यूच्या लॉकच्या आत घेतली, की हिशोब जुळतो.

मॅनेजर वापरायला सर्वांत सोपा आहे, कारण त्याची डिक्शनरी (की आणि तिची किंमत अशा जोड्यांचा साठा) नेहमीच्या डिक्शनरीसारखीच दिसते. प्रत्यक्षात ती एका वेगळ्या सर्व्हर प्रोसेसमध्ये असते आणि प्रत्येक वाचन-लेखनासाठी तिच्याशी निरोपांची देवाणघेवाण होते, त्यामुळे लाखो वेळा चालणाऱ्या लूपमध्ये ती नको. शिवाय तिच्यात ठेवलेल्या साध्या लिस्टमध्ये काही जोडले, तर ते मूळ ठिकाणी पोहोचतच नाही; लिस्ट बाहेर काढून, बदलून, पुन्हा त्याच कीवर ठेवावी लागते. एररही येत नसल्याने ही चूक सापडायला फार वेळ जातो.

मला खरे समाधान दिले ते ३.८ मध्ये आलेल्या शेअर्ड मेमरीने. एक कोटी दशांश संख्यांचा नमपाय (संख्यांच्या हिशोबाची पायथन लायब्ररी) ॲरे ८० एमबीचा होतो. क्यूमधून (प्रोसेसनी एकमेकींना माहिती पाठवायच्या रांगेतून) पाठवला तर प्रत्येक प्रोसेससाठी त्याची प्रत बनते, इथे मात्र सगळ्या प्रोसेस नावावरून एकाच ब्लॉकला जोडल्या जातात. लॉक अर्थातच स्वतः आणावे लागते. काम झाल्यावर प्रत्येक प्रोसेसने 'क्लोज' (आपली जोडणी सोडणे) आणि अखेरीस कोणी तरी एकानेच 'अनलिंक' (ब्लॉकच काढून टाकणे) करायचे, हा नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. लिनक्सवर स्वतंत्रपणे सुरू केलेली एखादी प्रोसेस केवळ जोडली जाऊन संपली, तरी तिचा रिसोर्स ट्रॅकर (ब्लॉकची नोंद ठेवून शेवटी साफसफाई करणारा पायथनचा भाग) इतरांच्या वापरातला ब्लॉक काढून टाकत असे. ही नोंद बंद ठेवण्याचा 'ट्रॅक' हा पर्याय ३.१३ मध्ये मिळाला. इतकी मूलभूत गरज भागायला पाच आवृत्त्या जाव्यात, याचे वाईट वाटते.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंदिस्त वातावरणात चालवणाऱ्या साधनात) काम चालवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : कंटेनरला शेअर्ड मेमरीसाठी मुळात ६४ एमबीच मिळतात. वरचा ८० एमबीचा ब्लॉक तयार होताना तक्रार येत नाही, पण त्यात लिहिता लिहिता प्रोसेस 'बस एरर' (मेमरी वापरता न आल्याची चूक) देऊन बंद पडते. म्हणून ही मर्यादा कंटेनर सुरू करतानाच वाढवून घ्यावी.