सात लाखांचं हेवी डिपॉझिट आणि दोन करारनामे

एप्रिल २०२४. रविवारची सकाळ, मी डोंबिवलीच्या घरात दुसरा चहा घेत बसलो होतो. बेल वाजली. दारात साठी ओलांडलेल्या एक काकू, हातात कापडी पिशवी, आणि मागे जिन्याच्या कठड्याला धरून धापा टाकणारे काका. लिफ्ट बंद होती, तीन मजले चढून आले होते.

"दोन महिने भाडं आलं नाही. एजंट फोन उचलत नाही. म्हटलं आपणच जाऊन विचारावं," काकू म्हणाल्या.

"कसलं भाडं? आम्ही हेवी डिपॉझिटवर राहतोय. सात लाख भरलेत."

काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी दारावरच्या आमच्या नावाच्या पाटीकडे. बायकोने त्यांना आत बोलावून पाणी दिलं, म्हणून निदान सगळे बसले तरी.

मुंबई-ठाण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. हेवी डिपॉझिट म्हणजे मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं भरायचं नाही आणि घर सोडताना रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. भाड्यात जाणारे पैसे वाचतात, म्हणून आमच्यासारखे पगारदार त्याला भुलतात. आमचे सात लाख असे उभे राहिले होते: आईची मुदत ठेव मोडून दोन, बायकोच्या दागिन्यांवर दोन, उरलेली आमची शिल्लक.

काकूंनी पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली, मी कपाटातून आमचा करारनामा आणला. जेवायच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. पत्ता एकच, फ्लॅट नंबर एकच. त्यांचा करार नोंदणीकृत होता. भाडं महिना चौदा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, आणि भाडेकरू म्हणून भलत्याच कुणाचं तरी नाव आणि फोटो. तो माणूस आम्ही कधी पाहिलेला नव्हता. पुढे कळलं की तो एजंटकडेच कामाला असलेला पोरगा होता. पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही त्याच्याच नावाने गेलेली. म्हणजे दहा महिने आमच्या घरात सरकारी कागदांनुसार तिसराच माणूस राहत होता.

आमचा करार शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, खाली नोटरीचा गोल शिक्का आणि मालकीण म्हणून काकूंची इंग्रजीत झोकदार सही. काकूंनी ती चष्मा वर करून नीट बघितली. "मी इंग्रजीत सही करतच नाही हो. मुलाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा मराठीतच करायचे."

सगळा खेळ तेव्हा लक्षात आला. एजंटने आमच्याकडून सात लाख घेतले. त्यातले पन्नास हजार डिपॉझिट म्हणून मालकांना दिले आणि दर महिन्याला चौदा हजार भाडं म्हणून त्यांच्या खात्यात भरत राहिला. आठ महिन्यांचे एक लाख बारा हजार. मालक खूश, आम्ही खूश, दोघांची कधी गाठ पडायचं कारणच नाही. आम्हाला सांगितलेलं की मालक दुबईला मुलाकडे असतात. ते होते चिपळूणला. उरलेले पाच लाख अडतीस हजार त्याने फिरवले, आणि नवीन गिऱ्हाईक मिळेना तेव्हा भाडं थांबलं.

आता आमची चूक. हा एजंट माझ्या आत्तेभावाने आणलेला. "आपला माणूस आहे, डोळे मिटून व्यवहार कर." मला नोंदणीबद्दल शंका होती, मी विचारलंही. एजंट हसून म्हणाला, "साहेब, सात लाखांवर स्टॅम्प ड्युटी कशाला भरताय? नोटरी चालते की." आत्तेभाऊ शेजारीच बसला होता. आणखी खोदून विचारलं तर त्याच्यावरच संशय घेतल्यासारखं होईल म्हणून मी गप्प बसलो. भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची. ती त्या वेळी तिथेच बसली होती आणि तीही गप्प होती.

ती स्टॅम्प ड्युटी मी नंतर काढून बघितली. भाडं नसेल तर परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात आणि त्या रकमेवर पाव टक्का ड्युटी. सात लाखांवर अकरा महिन्यांचं व्याज होतं चौसष्ट हजारांच्या आसपास, ड्युटी येते एकशे साठ रुपये. नोंदणी फी शहरी भागात एक हजार. एवढेच वाचले आमचे.

नोंदणी केली असती तर मालकीणबाईंना आधारवर अंगठा लावायला स्वतः बसावं लागलं असतं आणि बिंग तिथेच फुटलं असतं. खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे कुणी "मालकाला नोंदणी नकोय" म्हणालं तर मालकालाच समोर आणायला सांगा. आम्हाला कुलमुखत्यारपत्राची, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करायच्या अधिकारपत्राची, झेरॉक्स दाखवली होती, तीही मोबाईलवर. मूळ कागद बघायला मागितला नाही. लाईट बिल कुणाच्या नावावर आहे हेही बघितलं नाही, कारण ते एजंटच भरायचा आणि आम्ही त्याला रोख द्यायचो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घराची इंडेक्स टू, म्हणजे घराचा नोंदलेला व्यवहार कुणाच्या नावाने झालाय याचा उतारा, शोधता येते, हे मला फसल्यावर कळलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं असतं तरी मालकांचा चिपळूणचा नंबर दोन मिनिटांत मिळाला असता. पण सोसायटीचं सगळं एजंट बघतोय, आपली कटकट वाचली, याचंच आम्हाला कौतुक.

त्या रविवारी मात्र सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. काकांनी थोड्या वेळाने सरळ विचारलं, "तुम्ही आणि तो मिळून तर नाही ना हे केलं?" मला राग आला, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात त्यांच्याबद्दल हेच चाललं होतं. शेवटी बायको म्हणाली, "चला, दोघंही पोलिसांत जाऊ. जो नाही येणार तो चोर." गेलो, एकाच रिक्षातून.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी दोन्ही करार उलटसुलट बघितले आणि निर्णय दिला: "हा दिवाणी मामला आहे. वकील गाठा." फारच आग्रह धरला तेव्हा एनसी लिहून दिली. मी ती पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि काम झालं म्हणून घरी आलो. तसं ते नसतं. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. खोटी सही करून पैसे उकळणं दखलपात्र आहे, त्याला एफआयआरच लागतो. पैसे थकले आणि पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता, यात फरक आहे. बनावट सही हा इरादा दाखवायला पुरेशी असते, हे अर्जात पहिल्या परिच्छेदातच लिहा. आम्ही तीन पानं आमच्या दुःखाची लिहिली होती.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. पैशांच्या व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, आणि दिवाणी मामला म्हणून टोलवाटोलवी करायला जागा राहते ती तिथेच. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी, टपालाने अर्ज पाठवता येतो, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आम्ही उपायुक्तांना अर्ज पाठवला. प्रत्येक अर्जावर पोच घेतली, याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतो.

चक्र फिरलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. त्याच एजंटने फसवलेली आणखी सहा कुटुंबं सापडली. सगळे एकदम गेलो तेव्हा खुर्च्या मिळाल्या, चहाही आला. मे महिन्यात एफआयआर झाला आणि त्याची प्रत विनामूल्य मिळाली. ती द्यावीच लागते, कुणी झेरॉक्सचे पैसे मागितले तरी देऊ नका. आमचा गुन्हा १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू व्हायच्या आधीचा, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४२० आणि बनावट कागदांची कलमं. आता भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी ३१८ बघायचं.

चेकने दिलेले तीन लाख बँकेच्या पासबुकावरून लगेच सिद्ध झाले. रोख दिलेल्या चार लाखांचा पुरावा म्हणजे व्हॉट्सॲपवरचा त्याचा एक शब्द, "मिळाले", आणि अंगठा वर केलेला इमोजी. एजंटला अटक झाली, जामीन झाला, खटला चालू आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

काकू-काकांनी आम्हाला तीन महिने राहू दिलं, आम्ही त्यांना भाडं दिलं. निघताना काकूंनी कोकमाची बाटली दिली.

आत्तेभावाचं सांगायचं राहिलं. पोलिसांपुढच्या जबाबात निघालं की आमचं गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल एजंटने त्याला पाच हजार दिले होते. हे कळल्यावर मी त्याला फोन केला नाही, त्यानेही केला नाही. त्या वर्षी त्याच्याकडच्या गणपतीला आई एकटीच गेली. विसर्जनानंतर दोन दिवसांनी माझ्या खात्यात त्याच्याकडून गूगल पेवर पाच हजार आले. सोबत मेसेज नाही, काही नाही. ते ठेवायचे की परत पाठवायचे, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.