धडधड कागदावर आणणारं घड्याळ

छातीत अचानक धडधड सुरू व्हायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली असायची. मग ईसीजी नॉर्मल, आणि 'टेन्शन घेऊ नका' ऐकून घरी. शेवटी ईसीजीची सोय असलेलं मनगटी घड्याळ घेतलं. माझ्यासारखा येऊन-जाऊन होणारा त्रास असेल तर ते जरूर घ्यावं.

त्याची खरी किंमत दिवसभर दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यात नाही. मागचा हिरवा दिवा मनगटातलं रक्त प्रत्येक ठोक्याला किती कमी-जास्त होतं ते बघतो आणि आकडा काढतो. शांत बसल्यावर तो बोटांनी मोजलेल्या नाडीशी जुळतो. चालताना, त्यात पट्टा सैल असेल तर, काहीही दाखवतो. कधी पावलंच ठोके म्हणून धरतो. आणि मिनिटाला 100 च्या वर ठोके म्हणजे टॅकिकार्डिया (हृदयाची गती वाजवीपेक्षा जास्त) हे खरं असलं, तरी ते विश्रांतीतल्या ठोक्यांबद्दल आहे. जिना चढून 120 झाले तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कामाचा आहे तो ईसीजी. धडधड सुरू झाली की बसायचं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर ठेवायचं आणि 30 सेकंद हलायचं नाही. अशा वेळी हात थरथरतात, म्हणून कोपरं टेकवणं फार महत्त्वाचं. नाहीतर रेघ नुसती दातेरी येते. माझ्या ईसीजीच्या पट्टीवर ठोके 170 च्या पुढे होते आणि घड्याळाने खाली लिहिलं होतं, 'निष्कर्ष काढता आला नाही'. मी हिरमुसले. पण डॉक्टरांनी ते वाक्य बघितलंच नाही, रेघ बघितली. अरुंद, एकसारखे, भराभर ठोके. एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून सुरू होणाऱ्या जलद ठोक्यांच्या त्रासाचा, संशय त्यांनी तिथेच बोलून दाखवला आणि पुढच्या तपासण्या सुरू झाल्या. पीडीएफ लगेच पाठवता येते, हे फार सोयीचं.

मर्यादाही आहेत. दवाखान्यातला ईसीजी 12 बाजूंनी बघतो, हे एकाच. हार्ट अटॅक याला ओळखता येत नाही. छातीत दुखतंय, दम लागतोय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ईसीजीची पट्टी काढत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि दर पाच मिनिटांनी नाडी बघायची सवय आधीच असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. बघून बघूनच धडधड वाढते.