संतांना विनवायचं की नाही? ज्यू परंपरा नेमकी कुणाच्या बाजूने

लग्न ठरतंय, मुलगी कॅथलिक, मुलगा प्रोटेस्टंट, आणि हॉलमध्ये संत आंतोनची तसबीर लावायची का यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितेय. कॅथलिक बाजू म्हणते "संतांना विनवणं ज्यूंकडूनच आलंय", दुसरी म्हणते "छे, रोमन देवदेवतांची सवय आहे ती". मला विचाराल तर इथे प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही बाजू ते एकत्र कालवतात.

पहिला, गेलेले धार्मिक लोक आपल्यासाठी प्रार्थना करतात का? इथे ज्यू मूळ एकदम पक्कं. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १५) इ.स.पू. १६१ च्या लढाईआधी ज्यूंचा सेनानी यहूदा मक्काबी याला स्वप्न पडतं, त्यात मरून गेलेला महायाजक ओनियास हात पसरून लोकांसाठी प्रार्थना करतोय, शेजारी पिकल्या केसांचा यिर्मया संदेष्टा, तोही करतोय, आणि तोच यहूदाच्या हातात सोन्याची तलवार देतो. आता मेख अशी की हे पुस्तक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलात आहे, ज्यू आणि प्रोटेस्टंट बायबलात नाही. पण शास्त्र माना नका मानू, ख्रिस्ताच्या आधी काही ज्यू असं मानायचे याचा पुरावा तर झालाच ना! गंमत म्हणजे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लुथरचा साथीदार मेलांख्थोन यानेही १५३१ मध्ये हेच स्वप्न काढून कबूल केलं की स्वर्गातले संत चर्चसाठी प्रार्थना करत असतील, पण म्हणून आपण त्यांना हाक मारावी असं त्यातून निघत नाही.

आणि हाच दुसरा प्रश्न, आपण त्यांच्याशी बोलायचं का? इथे ज्यूंमध्येच एकमत नाही. तालमूद म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांचा मोठा ग्रंथ, त्यात मोशेच्या काळातला कालेब हेब्रोनला पूर्वजांच्या कबरीवर जाऊन पालथा पडतो आणि म्हणतो, माझ्यासाठी दया मागा. त्याच तालमूदमध्ये उपवासाच्या दिवशी कब्रस्तानात का जायचं यावर दोन रब्बींचं जमत नाही, एक म्हणतो आपण देवापुढे मेल्यासारखेच आहोत हे दाखवायला, दुसरा म्हणतो मेलेल्यांनी आपल्यासाठी दया मागावी म्हणून. पुढे मध्ययुगातला मोठा ज्यू पंडित मैमोनिदीस याने तर मध्यस्थ नकोच, थेट देवाकडे जा असं ठणकावलं, तरी लोक आजही इस्रायलमधल्या मेरोनला एका जुन्या रब्बीच्या कबरीवर, याकोबाची बायको राहेल हिच्या कबरीला जातातच. शिवाय तालमूद लिहून पुरं झालं ते ख्रिस्तानंतर काही शतकांनी, त्यामुळे ख्रिस्ती लोकांनी तिथूनच उचललं असं छातीठोक सांगता येत नाही. संदेष्ट्यांच्या कबरी बांधून सजवायचे हे मात्र मत्तय २३ मध्येच आहे.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचंच, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचंच बघा. एलियाहू हन्नबी म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या नावाने मलिदा करतात, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, नवस फेडायलासुद्धा, पण आशीर्वाद म्हणतात ते देवाचेच.

तर निवड करायचीच तर, संत प्रार्थना करतात एवढ्यावर दोघांचं जमायला हरकत नाही. त्यांना विनवणं "चांगलं आणि उपयोगी" हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये सांगितलं, ते चर्चचा अधिकार मानत असाल तर पटेल, फक्त बायबलवर चालत असाल तर नाही पटणार, आणि ज्यू पुरावा दाखवून हे भांडण मिटत नाही. माझ्या बहिणीकडे तसबीर लागलीय, मंगळवारचा नोव्हेना (संताला विनवायची ठरलेली प्रार्थना) ती एकटीच म्हणते, तेवढ्यात भाऊजी चहा टाकतात.