मेंदू आणि वजन यांवरील ऑनलाइन अभ्यासक्रम : पूर्वार्ध उत्तम, उत्तरार्ध घाईचा

वजन हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, हा समज इतका खोल रुजला आहे की तो मोडायला पुरावाही तितकाच भक्कम लागतो, आणि या सशुल्क अभ्यासक्रमाच्या पहिल्या व्याख्यानांत असा पुरावा नेटकेपणाने मांडला आहे. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन या संशोधकांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भूक नियंत्रित करणाऱ्या भागाच्या, मध्यभागाला इजा केली, तेव्हा ते बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ मध्ये आनंद आणि ब्रोबेक यांनी त्याचा बाजूचा भाग निकामी केला, तेव्हा उंदरांनी खाणेच सोडले.

सर्वांत रंगले आहे ते संशोधक डग्लस कोलमन यांच्या प्रयोगांवरील व्याख्यान. जन्मतः लठ्ठ असलेल्या एका वाणाच्या उंदराचा रक्तप्रवाह निरोगी उंदराशी जोडला, तर लठ्ठ उंदराचे खाणे कमी होते. निरोगी उंदीर दुसऱ्या एका लठ्ठ वाणाच्या उंदराशी जोडला, तर तो निरोगी उंदीरच उपासमारीने मरतो. पहिल्या वाणात तृप्तीचा संदेश तयारच होत नाही, दुसऱ्यात तो होतो पण मेंदूला ओळखता येत नाही, हा निष्कर्ष व्याख्याते आपल्यालाच काढू देतात आणि मगच हा संदेश देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाच्या १९९४ मधल्या शोधाकडे वळतात. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच जास्त असते, त्यामुळे ते टोचून वजन उतरत नाही, हेही ते आडपडदा न ठेवता सांगतात.

मज्जासंस्थेच्या विकारांना मात्र एकच व्याख्यान मिळाले आहे. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट या औषधाने वजन वाढू शकते, तर टोपिरामेटने घटते, ही रुग्णाच्या रोजच्या जगण्याशी भिडणारी बाब एका तक्त्यात उरकली आहे. मध्यमवयातील लठ्ठपणामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो आणि निदानाआधी काही वर्षे वजन घटूही लागते, ही दोन्ही विधाने शेजारीशेजारी ठेवली आहेत. पण दुसऱ्या बाबतीत कारण कोणते आणि परिणाम कोणता, याची उकल केलेली नाही. कवटीतील दाब उघड कारणाशिवाय वाढण्याचा विकार तर पूर्णपणे वगळला आहे. तो प्रामुख्याने प्रजननवयातील, वजन जास्त असलेल्या स्त्रियांना होतो, त्यात डोळ्यांमागची नस सुजून दृष्टी जाऊ शकते आणि वजन उतरवणे हा त्यावरच्या उपचाराचा गाभा असतो. वजनाचा मेंदूवर परिणाम दाखवणारे इतके थेट उदाहरण सुटावे, हे अनाकलनीय आहे.

जीवशास्त्राची तोंडओळख असलेल्या विद्यार्थ्याने शुल्क जरूर भरावे. स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या आजारासाठी माहिती शोधणाऱ्याने ते पैसे मेंदूविकारतज्ज्ञाच्या तपासणीसाठी राखून ठेवावेत.