अंगणातला जुना फायर हायड्रंट: दोन हिवाळ्यांनंतर

गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात १५० डॉलर मोजून मी एक निकामी हायड्रंट (आग विझवायला बंबाला पाणी देणारा, रस्त्याकडेचा लोखंडी नळखांब) घरी आणला आणि बागेत उभा केला. घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना सांगतो: जरूर घ्या, फक्त मी रोवला तसा रोवू नका.

आम्ही न्यू यॉर्क राज्यात, ट्रॉयजवळ राहतो. हे गाव एकेकाळी लोखंडाचं. अमेरिकन यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या चिलखती नौकेसाठी इथल्या कारखान्यांतून पत्रे गेले होते. हायड्रंट बनवणारी लडलो व्हॉल्व्ह कंपनी ट्रॉयचीच, आणि थोडं वर वॉटरफर्डला तशीच एडी कंपनी. त्यामुळे इकडच्या जुन्या सामानाच्या गोदामांत ही दोन नावं अधूनमधून भेटतात. माझा लडलोचा. विकणारा पावती द्यायला कुरकुरत होता, मी हटून घेतली. असले हायड्रंट चोरून भंगारात घालणारे असतात. कागद नसेल तर फुकट मिळाला तरी नको.

जमिनीवरचा भागच काय तो घेतला, तरी गाडीतून उतरवायला तिघे लागले. आणि हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे, हे विसरू नका. पोलादासारखं ते वाकत नाही, हातोडा बसला की तडकतं. गंजलेला बोल्ट हलेना म्हणून ठोकायला जाऊ नका. तेल सोडा, रात्रभर थांबा, पुन्हा तेल सोडा.

रंगाचे थर इतके चढले होते की कंपनीचं नाव बोटाला लागायचं, डोळ्यांना दिसायचं नाही. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ साली, तेव्हा जुन्या रंगात शिसं आहेच असं धरून चालावं. तपासायची कांडी घासली तर लाल झाली. मग ग्राइंडर बाजूला ठेवला (ती धूळ पोरांच्या नाकात कशाला?) आणि ताडपत्रीवर आडवा घालून, रंग सोडवणारी जेल थापून, ओला ठेवून खरवडला. तीन शनिवार-रविवार गेले. पण ‘ट्रॉय’ची अक्षरं एकेक करून वर आली तेव्हा बायकोलाही हाक मारून दाखवली. नवा रंग अगदी पातळ द्या. त्या अक्षरांसाठीच तर वस्तू घ्यायची.

आता माझी चूक. थंड प्रदेशातल्या हायड्रंटच्या पोटात एरवी पाणी नसतंच. खरा व्हॉल्व्ह जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली असतो. वरचा पंचकोनी नट फिरवला की लांब दांडा तो उघडतो. व्हॉल्व्ह बंद झाला की तळाशी बारीक भोकं मोकळी होतात आणि नळकांड्यात उरलेलं पाणी खडीत मुरतं. कॅलिफोर्नियात हा खटाटोप नाही, तिथे पाणी वरपर्यंत भरलेलं चालतं. हे सगळं मला माहीत होतं. तरीही ‘हलायला नको’ म्हणून मी तळ काँक्रीटमध्ये बुजवला. वरच्या एका तोटीची टोपी नीट बसत नव्हती, तिथून पाऊस आत जात राहिला. जानेवारीत गोठला. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर बघतो तर तळाच्या कड्याजवळ वीतभर तडा. आयुष्यभर रस्त्यावर उभा राहून जे त्याला झालं नाही, ते माझ्या बागेत पहिल्याच हिवाळ्यात झालं.

बिडाचं वेल्डिंग येरागबाळ्याचं काम नाही. शोभेचीच वस्तू, म्हणून तड्यात इपॉक्सी (वाळून कडक होणारा चिकट लेप) भरलं. काँक्रीट फोडून काढलं, फूटभर खड्डा खणून खडी भरली आणि तळ उघडा ठेवून त्यावर उभा केला. स्वतःच्या वजनानेच तो जागचा हलत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात थोडा कलला, पहारीने सरळ केला, बस्स.

त्याच वेळी जागाही बदलली. आधी तो लाल रंगात पुढच्या अंगणात, रस्त्यालगत होता. राज्याचा नियम असा की हायड्रंटपासून १५ फुटांत गाडी लावायची नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका तो खराच समजून भर थंडीत लांब गाड्या लावून साड्या सावरत चालत आल्या, आणि मग माझी जी काही आरती झाली! गंमत सोडा, पण आग लागली असताना कुणी बंबवाला याच्याकडे धावला तर? आता तो मागच्या अंगणात आहे, काळपट करड्या रंगात. टोप्या निळ्या करायची फार इच्छा होती, पण अमेरिकेत प्रचलित असलेल्या रंगसंकेतात निळ्याचा अर्थ मिनिटाला १५०० गॅलन किंवा त्याहून जास्त पाणी. माझ्याकडे थेंब नाही.

तक्रार एकच उरली. उन्हाळ्यात आलेल्या आईने ओला परकर तोटीवर वाळत टाकला आणि गंजाचा डाग कायमचा बसला. टोप्यांच्या आतल्या कडांना रंग टिकत नाही. तिथे वर्षातून दोनदा जवसाचं तेल लावतो.

थंडी सुरू व्हायच्या आधी वरून तांब्याभर पाणी ओतून बघतो. गेल्या ऑक्टोबरात ते तळातून लगेच खडीत गेलं.